ए३ प्लस पिगमेंट प्रिंटर, नऊ महिन्यांनंतर: सह्याद्रीचे फोटो घरी छापून विकताना

वापर जून ते फेब्रुवारी, पुण्यात. म्हणजे अख्खा पावसाळा त्यात आला. यंत्र दहा काडतुसांचं, पिगमेंट शाईचं, १३ इंच रुंदीचा कागद घेणारं. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातल्या यंत्रांच्या कुरबुरी जवळपास सारख्याच असतात आणि प्रिंट चांगला निघणार की नाही हे निम्मं तरी यंत्राबाहेर ठरतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. प्रिंट स्वस्तात पडतील म्हणून हा प्रिंटर घेऊ नका. महिन्याला चार-पाच प्रिंट जात असतील तर चांगली लॅब परवडते. घरच्या यंत्राचा खरा उपयोग म्हणजे चूक त्याच संध्याकाळी कळते. कोकणकड्याच्या पोटातली सावली स्क्रीनवर छान दिसते आणि मॅट कागदावर कोळसा होते. लॅबकडून हे कळायला आठवडा आणि एक पूर्ण प्रिंट जातो. घरी एक पट्टी छापली की पुरतं.

पट्टी अशी: ए४ कागद उभा अर्धा कापायचा, फोटोतला सर्वात अवघड भाग निवडायचा (कड्याची सावली आणि त्याला लागून धुकं) आणि तोच तुकडा तीन उजेडांत एकाखाली एक छापायचा: आहे तसा, पाव स्टॉप उजळ, अर्धा स्टॉप उजळ (स्टॉप म्हणजे उजेड मोजायचं फोटोतलं माप, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). तुकडे अंतिम आकारातच छापायचे, लहान करून नाही. पट्टी निदान तासभर वाळू द्यायची आणि मग ट्यूबलाइटखाली न बघता दिवाणखान्याच्या पिवळट दिव्याखाली बघायची, कारण प्रिंट शेवटी तिथेच लागणार आहे. बहुतेक वेळा मधला किंवा तिसरा तुकडा निवडला जातो. त्याचं कारण स्क्रीन. मॉनिटर कारखान्यातून भगभगीत उजेडावर येतो. कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजून जुळवणारं छोटं यंत्र, लावून तो चौरस मीटरला ८० ते १०० कँडेलावर (उजेडाचं एकक) आणला की ‘प्रिंट काळे येतात’ ही तक्रार बरीचशी तिथेच मिटते. कॅलिब्रेटरशिवाय हा प्रिंटर घेणं म्हणजे तराजूशिवाय सराफी.

रंगाबद्दल एकच चूक सगळे करतात. लाइटरूममध्ये (फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर कुठला रंग कसा उमटतो हे सांगणारी फाइल, निवडायचं आणि प्रिंटर ड्रायव्हरमधलं रंगनियंत्रण मात्र चालूच ठेवायचं. मग रंग दोनदा बदलला जातो आणि ढगांवर गुलाबी-जांभळी झाक येते. दोघांपैकी एकालाच काम द्या. ड्रायव्हरमधलं रंगनियंत्रण पूर्ण बंद, मीडिया टाइप (ड्रायव्हरमधला कागदाच्या प्रकाराचा पर्याय) मात्र प्रोफाइलसोबतच्या सूचनेत लिहिलेलाच. किती शाई सोडायची हे मीडिया टाइपवर ठरतं. तो चुकला तर अचूक प्रोफाइलही कामाचं नाही.

कागदावर बोलायला पाहिजे, कारण पैसे तिथे जातात आणि गिऱ्हाईक हातात घेतं तेही तेच. दोन प्रकार पुरेत. धुकं, पावसाळी ढग, रांगांमागे रांगा फिकट होत जाणारा देखावा हे सगळं सुती मॅट कागदावर, चौरस मीटरला ३०८ ग्रॅमच्या आसपासच्या. हानेम्युलेचा फोटो रॅग हे या जातीचं सर्वांच्या ओळखीचं नाव. धुक्याचा पांढरा आणि कागदाचा पांढरा एकमेकांत मिसळतात, चकाकी नाही, काच लावली तरी देखणा. सूर्यास्त, ओला कातळ, कास पठारावरचे जांभळे-पिवळे सडे मात्र मॅटवर मरगळतात. त्यांना बरायटा, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर असलेला कागद. त्यावरचा काळा खरंच काळा येतो. एकाच फोटोला दोन्ही कागद देऊ केले की गिऱ्हाईक गोंधळतं. फोटोनुसार कागद आपणच ठरवावा.

कागद फार शुभ्र दिसत असेल तर जरा शंका घ्या. त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद पांढराशुभ्र दाखवणारी रसायनं, असतात. काही वर्षांत ते विझतात आणि कागद मूळच्या पिवळसर रंगावर येतो. अतिनील टॉर्च मारली की असा कागद निळा झगमगतो.

आता पावसाळा. मॅट सुती कागद हवेतली ओल पितो, कडा वर उचलतात आणि शाई सोडणारं हेड त्यांना घासून जातं. डाग कसा दिसतो? कागदाच्या शेवटच्या दोन-अडीच सेंटीमीटरमध्ये, नखाने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ, बहुधा नेमकी धुक्यातच. तिथे कागद एकाच बाजूच्या रोलरने धरलेला असतो म्हणून तो जास्त उचलतो. उपाय तीन, आणि तिन्ही एकदम करावे लागतात. कागद बंद झिप पिशवीत सिलिका जेलसह ठेवायचा आणि छापायच्या वेळीच काढायचा. ड्रायव्हरमध्ये जाड कागदाचा किंवा घासणं टाळण्याचा पर्याय चालू करायचा, त्याने हेड थोडं वर उचललं जातं. आणि फोटो कडेपर्यंत ताणायचा नाही.

हा तिसरा उपाय इतरही कारणांनी बरा. ए३ प्लस म्हणजे १३×१९ इंच. त्यावर ३:२ चा फोटो १८×१२ बसतो, पण १६.५×११ छापा. दोन टोकांना सव्वा इंच, बाजूंना एक इंच मोकळं राहतं. घासण्याच्या टापूतून फोटो बाहेर येतो, सहीला जागा मिळते, माउंट (चौकटीत फोटोभोवती येणारा पुठ्ठा) धरायला कागद उरतो. २४ मेगापिक्सेलच्या ६००० पिक्सेल लांबीला इंचाला साधारण ३६४ पिक्सेल पडतात, म्हणजे फाइल फुगवायचीही गरज नाही.

सुती कागदावर कापसाचा भुरा असतो. छापण्याआधी मऊ रुंद ब्रशने, कागद उभा धरून, दोनदा झटकायचा. नाही झटकला तर शाई भुऱ्यावर बसते, नंतर भुरा गळतो आणि निळ्या आभाळात पांढरा ठिपका राहतो. दोन दिवसांनी दिसणारा हा ठिपका फार चिडचिड करवतो, कारण तोवर सही झालेली असते.

यंत्राची देखभाल कंटाळवाणी आहे आणि टाळता येत नाही. आठवड्यातून एकदा नोझल चेक (हेडची शाईची छिद्रं तुंबली नाहीत ना हे दाखवणारा चाचणी-नमुना) आणि सगळे रंग असलेला एक छोटा फोटो, विक्री असो वा नसो. महिनाभर बंद ठेवलेलं यंत्र नोझल उघडायला इतकी शाई पितं की चार छोटे प्रिंट निघाले असते. बंद करताना यंत्राचंच बटण दाबायचं, भिंतीवरचं नाही. बटणाने बंद केल्यावर हेड टोपीखाली जाऊन बसतं. वीज मध्येच गेली तर हेड उघडंच राहतं, वीज आली की लगेच चालू करून नीट बंद करा. लेझरसारखी याला भरमसाट वीज लागत नाही, संगणकाचा साधा यूपीएस चालतो. वाया गेलेली शाई साठवणारी मेंटेनन्स टाकीही बदलावी लागते. ती भरली की यंत्र ठप्प होतं, तेव्हा एक जादा आणून ठेवलेली बरी.

पहिल्या संचातली बरीच शाई हेड आणि नळ्या भरण्यातच जाते. त्या संचावरून प्रिंटचा खर्च काढाल तर हबकाल आणि तो आकडा खराही नसेल. हिशोब दुसऱ्या संचापासून धरा.

हिशोब कसा, तर आकडे समजा. कागद-शाई मिळून ६०० रुपये. पाचातला एक प्रिंट वाया जातो असं धरलं तर विकाऊ प्रिंट ७५० ला पडतो. पॅकिंग २५०, कुरिअर १५०. झाले ११५०. यात यंत्राची किंमत नाही, कॅलिब्रेटर नाही, गडाच्या पायथ्यापर्यंतचं पेट्रोल तर नाहीच. पंधराशेला विकणारे हौशी लोक बहुधा हा वाया जाणारा पाचवा प्रिंट मोजत नाहीत. अडीच हजारांखाली सही केलेला सुती प्रिंट देऊ नये असं माझं मत आहे. स्वस्तात काही द्यायचंच असेल तर त्याच फोटोची लॅबमध्ये छापलेली पोस्टकार्डं द्या.

वाळवण्यात घाई नको. हाताला कोरडा लागला तरी २४ तास उघडा ठेवायचा, आणि काचेत घालायचा असेल तर वर साधा कागद ठेवून आणखी एक-दोन दिवस. शाईतले ग्लायकोल (सावकाश उडणारे द्रव) हळूहळू बाहेर पडतात आणि लवकर बंद केलेल्या चौकटीत काचेच्या आतून धुरकट थर धरतात. धुक्याच्या फोटोवर हे धुकं विनोदी दिसतं, पण गिऱ्हाईक हसत नाही.

चौकट शक्यतो स्थानिक गिऱ्हाइकालाच द्या. १८×२४ इंचाच्या चौकटीत वरचा प्रिंट आम्लमुक्त माउंटसह छान बसतो, फोटोभोवती साडेतीन-पावणेचार इंच माउंट येतो. फ्रेमवाल्याला आधीच बजावायचं: फेव्हिकॉल नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप नाही, फक्त वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या. प्रिंट खाली मोकळा लोंबला पाहिजे, चारही बाजूंनी चिकटवला तर पावसाळ्यात फुगून लाटा येतात. मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी बुश लावायचे, ओल्या भिंतीपासून हवा खेळते. कसर आणि बुरशी दोन्हींना तेवढं पुरतं असं नाही, पण फरक पडतो.

बाहेरगावी सुटा प्रिंट. नळी घेतली तर तीन इंच व्यासाची तरी हवी. त्याहून अरुंद नळीतला ३०८ ग्रॅमचा कागद पुन्हा सरळ होत नाही. सपाट पॅकिंग जास्त भरवशाचं: ग्लासिन (गुळगुळीत, पातळ) कागद, प्लास्टिकची पिशवी, मग दोन पन्हळी पुठ्ठे, एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. पुठ्ठा प्रिंटपेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठा. मार कोपऱ्यांनाच बसतो.

मर्यादित आवृत्ती, म्हणजे ठरावीक संख्येनेच छापायचे प्रिंट, म्हणालात तर वही ठेवा. २५ म्हटलं की सगळ्या आकारांत मिळून २५ की प्रत्येक आकारात, हे पहिल्या विक्रीआधी लिहून टाका. मॅटवर सही आणि क्रमांक पेन्सिलने, बरायटावर पिगमेंट पेनने. प्रवासात खराब झालेल्या ७/२५ च्या बदल्यात नवा ७/२५ च जातो, जुना फाडल्याचा फोटो मागवून. त्यासाठी २६ वा क्रमांक काढायचा नाही.

कराचं एक कलम हौशी लोकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात वस्तूविक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची, म्हणून आपला काय संबंध असं वाटतं. पण करपात्र वस्तू परराज्यात पाठवली की सर्वसाधारण नियमाने उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. बेंगळुरूच्या मावसभावाच्या मित्राने ऑर्डर दिली की हा प्रश्न उभा राहतो. पहिली परराज्यातली ऑर्डर घेण्याआधी सीएला विचारून घ्या.