मागचा डिफरेन्शिअल: घरी बांधावा, काढून कारागिराकडे न्यावा की अख्खा अ‍ॅक्सल बदलावा?

डिफरेन्शिअल, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांत वाटणारी गिअरची पेटी, उघडणं अवघड नाही, तो परत जुळवणं अवघड आहे. त्यामुळे ‘मला बोल्ट सोडता येतात का’ हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. ‘माझ्याकडे ०.०२ मि.मी. मोजायची सोय आणि तेवढा धीर आहे का’ हे आधी ठरवा. क्राऊन (मोठं दातेरी कडं) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक) यांचे दात नेमके कुठे टेकतात, हे शेवटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांवर ठरतं. ते चुकलं तर गाडी चालते, पण रडत चालते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये दात खाऊन टाकते.

समोर चार वाटा असतात. फक्त सील आणि बेअरिंग घरी बदलणं. क्राऊन-पिनियनसकट पूर्ण बांधणी घरी करणं. डिफरेन्शिअल काढून जाणकार कारागिराकडे देणं आणि परत स्वतः बसवणं. किंवा दुसऱ्या गाडीचा चांगला अ‍ॅक्सल आणून जसाच्या तसा चढवणं. यातली कुठली वाट तुमची, हे बरंचसं दोन गोष्टींवर ठरतं: आवाज कशाचा आहे आणि अ‍ॅक्सल कुठल्या घडणीचा आहे.

आधी आवाज ओळखा

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर लागतो आणि सोडला की थांबतो, असं असेल तर क्राऊन-पिनियनच्या दातांवर किंवा त्यांच्या जुळणीवर संशय घ्या. उलट, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी इंजिनला ओढत जाते तेव्हा सूर चढत असेल, तर पिनियनच्या बेअरिंगवरचा प्रिलोड, म्हणजे आवळून आधीच दिलेला दाब, गेलेला असण्याची शक्यता मोठी. फ्लँज (पिनियनच्या टोकाची, इंजिनकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) हाताने धरून आत-बाहेर हलवून पाहा. जराही खेळ जाणवला तर निदान झालंच. वेग कोणताही असो, एकसारखी घरघर आणि वळणावर ती कमी-जास्त होणं, हे बहुतेक वेळा चाकाच्या बेअरिंगचं लक्षण असतं. त्यासाठी डिफरेन्शिअलला हात लावायची गरजच नसते. ठरावीक फेऱ्यांनी ‘टक् टक्’ येत असेल तर एखादा दात तुटलेला असू शकतो. आणि गिअर टाकताना मागून ‘ठक्क’ होत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट तपासा. तिथला दोष डिफरेन्शिअलच्या माथी मारून अख्खं काम करून बसणारे पुष्कळ असतात.

मग तेल काढा. तेलाच्या बुचावरच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असणं स्वाभाविक आहे. चिमटीत धरता येतील असे चमकदार पापुद्रे निघाले तर बेअरिंगचे थर सुटतायत. टोकदार तुकडा निघाला तर तो दाताचा आहे. तेल दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय, आणि अशा वेळी बेअरिंगवर गंजाचे ठिपके हमखास सापडतात.

अ‍ॅक्सलची घडण

काही अ‍ॅक्सलमध्ये अख्खी गिअर असेंब्ली पुढच्या बाजूने एकत्र सुटून बाहेर येते. फोर्डचा १९५७ पासून आलेला ९ इंची अ‍ॅक्सल किंवा टोयोटाचे बरेच मागचे अ‍ॅक्सल या जातीचे. दुसऱ्या जातीत मागे पातळ झाकण असतं आणि सगळी जुळणी अ‍ॅक्सलच्या हौसिंगमध्येच, म्हणजे बाहेरच्या कवचातच, करावी लागते. डाना ४४ आणि डाना ६० ही त्याची ठळक उदाहरणं.

हा फरक निर्णायक आहे. पहिल्या जातीत असेंब्ली टेबलावर ठेवून, उजेडात, उभं राहून काम होतं, आणि मन बदललं तर तीच उचलून कारागिराकडे नेता येते. दुसऱ्या जातीत गाडीखाली पडून डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) वाचावं लागतं, किंवा अख्खा अ‍ॅक्सल खाली उतरवावा लागतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांत डिफरेन्शिअल सबफ्रेमला लटकलेला असतो. दोन्ही बाजूंचे शाफ्ट सोडले की तोही एका तुकड्यात बाहेर येतो, म्हणून तिसरी वाट तिथे सगळ्यात सोयीची.

फक्त सील आणि बेअरिंग

क्राऊन-पिनियनचे दात गुळगुळीत आणि एकसारखे झिजलेले असतील, तर ही वाट घरच्या माणसासाठी सगळ्यात फायद्याची. जुनी जोडी एकमेकींत मुरलेली असते. जोडी तीच, हौसिंग तेच, तर पिनियनच्या खोलीचा मूळ शिमही (अंतर जुळवायची पातळ चकती) तोच परत बसवायचा. नव्या बेअरिंगच्या मापात फरक पडला तरी तो सहसा शंभराव्या भागांतला असतो. तरीही शेवटी दातांवर मार्किंग पेस्ट लावून ठसा बघितल्याशिवाय झाकण लावू नका.

नुसतं पिनियनचं सील गळत असेल तर आधी ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट) बघा. तो चिखलाने बुजला की तेल तापल्यावर आतला दाब सीलमधून वाट काढतो, आणि नवं सीलही महिनाभरात गळतं. सील बदलताना नट, फ्लँज आणि पिनियनच्या टोकावर एका रेषेत खूण करा. नट सोडण्याआधी पिनियन फिरवायला लागणारा टॉर्क मोजून लिहून ठेवा. परत आवळताना त्याहून किंचित जास्त, म्हणजे ०.३ ते ०.५ न्यूटन-मीटर वर, इतपतच जा. इथे एअर गनने नट ठोकला की आतली क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली दबणारी नळी) आणखी दबते, बेअरिंग जखडतं, निळं पडतं आणि काही दिवसांत ओरडायला लागतं. साध्या सीलच्या कामातून पूर्ण बांधणीचं काम उभं राहतं ते असं.

कॅरिअरची (क्राऊन ज्यावर बसतो त्या फिरत्या भागाची) बेअरिंग काढण्याआधी दोन्ही बेअरिंग कॅपवर पंचने खुणा करा: डावी-उजवी आणि वरची बाजू. त्या हौसिंगसोबतच मशीन केलेल्या असतात आणि अदलाबदल चालत नाही. दोन्ही बाजूंचे शिमही वेगवेगळे बांधून, बाजू लिहून ठेवा.

पूर्ण बांधणी घरी

दात खाल्लेले असतील किंवा रेशो (क्राऊनच्या एका फेरीला पिनियनच्या किती फेऱ्या) बदलायचा असेल, तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात. दोन्ही कारखान्यात एकत्र घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो. एक नवा आणि एक जुना ही काटकसर करू नका.

हत्यारांपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. हायड्रॉलिक प्रेस, बेअरिंग सेपरेटर, चुंबकी स्टँडसह डायल गेज, मायक्रोमीटर, फ्लँज धरायची लांब पट्टी, मोठा टॉर्क पाना, आणि शिवाय फिरतं ओझं दाखवणारा छोटा काट्याचा किंवा डायलचा टॉर्क पाना. हा शेवटचा नसेल तर काम हाती घेऊ नका. ‘कट्’ आवाज करणाऱ्या पान्याने प्रिलोड मोजता येत नाही. प्रिलोड पिनियन फिरत असताना वाचायचा असतो. फिरायला सुरुवात होतानाचा झटका त्यात धरायचा नाही.

जुनी पिनियन बेअरिंग फेकू नका. त्यांचं आतलं भोक थोडं घासून मोठं करा, म्हणजे जुळणी करताना ती हाताने चढतात-उतरतात. नवं बेअरिंग प्रेसवर चार वेळा काढ-घाल केलं की वापरण्याआधीच निकामी होतं.

क्राऊन कॅरिअरवर बसवताना तो ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, म्हणजे अलगद बसतो. बोल्टने ओढून बसवला तर तिरका बसू शकतो. बोल्ट नवे, लॉक लिक्विड लावून, समोरासमोरच्या क्रमाने. काही गाड्यांत हे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, तेव्हा सोडताना बोल्ट हलला नाही तर जोर लावण्याआधी डोक्यावरची खूण बघा. बसल्यावर क्राऊनच्या पाठीवर डायल लावून फिरवा. ०.०५ मि.मी.च्या वर डगमग दिसली तर खाली कचरा किंवा बोच आहे.

मग खरं काम. क्रश स्लीव्ह न घालता, फक्त शिम आणि घासलेली बेअरिंग घेऊन पिनियन बसवा, कॅरिअर बसवा आणि बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, मोजा. नव्या जोडीला साधारण ०.१३ ते ०.२० मि.मी. चालतो, पण तुमच्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. क्राऊन फिरवत चार ठिकाणी मोजा. दोन जागांत ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर जुळणी पुढे नेण्यात अर्थ नाही. कॅरिअर ०.१० मि.मी. सरकवला की बॅकलॅश सुमारे ०.०७ मि.मी. बदलतो, हा हिशोब हाताशी ठेवला तर फेऱ्या वाचतात. शिमच्या अ‍ॅक्सलमध्ये एका बाजूचं जितकं काढलं तितकंच दुसऱ्या बाजूला घाला, नाहीतर बाजूच्या बेअरिंगचा प्रिलोड बिघडतो. कॅरिअर हाताने सहज आत पडत असेल तर तो प्रिलोड कमी आहे. मऊ हातोड्याने ठोकून बसायला हवा.

बॅकलॅश जमला की सहा-आठ दातांवर मार्किंग पेस्ट लावा, क्राऊनला थोडा अडथळा देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवा आणि ठसा वाचा. ठसा दाताच्या बुडाकडे गेला असेल तर पिनियन फार आत आहे. माथ्याकडे असेल तर फार बाहेर. बहुतेक अ‍ॅक्सलमध्ये पिनियनच्या डोक्यामागचा शिम जाड केला की पिनियन आत जातो. फोर्ड ९ इंचीत मात्र शिम पिनियनच्या पुढच्या हौसिंगखाली असतो आणि जाड केला की पिनियन बाहेर येतो. शिम ०.०५ ते ०.१० मि.मी.च्या टप्प्याने बदला. प्रत्येक वेळी बॅकलॅश पुन्हा जागेवर आणा आणि मगच ठसा बघा. बॅकलॅश न जुळवता वाचलेला ठसा फसवतो, आणि नवशिक्यांचे तासन् तास इथेच जातात. उंचीच्या दिशेने ठसा मधोमध आला पाहिजे. लांबीच्या दिशेने तो थोडा आतल्या किंवा बाहेरच्या टोकाकडे असला तर तेवढं चालतं.

जुळणी पक्की झाली की नवी बेअरिंग, नवी क्रश स्लीव्ह. ही स्लीव्ह दबायला सुरुवात व्हायलाच सहसा २०० ते ४०० न्यूटन-मीटर लागतात, म्हणून लांब दांडी आणि फ्लँजची पट्टी लागते. एकदा ती दबू लागली की नटाच्या अगदी थोड्या फिरण्यात प्रिलोड झपाट्याने चढतो. थोडं आवळा, पिनियन आठ-दहा वेळा फिरवा, मोजा, मग पुन्हा थोडं. कॅरिअर बाहेर असताना नव्या बेअरिंगला साधारण १.५ ते ३ न्यूटन-मीटर, वापरलेल्यांना त्याच्या निम्मं. आकडा ओलांडला तर नट मागे फिरवून भागत नाही. दबलेली स्लीव्ह परत लांब होत नाही, तिचा आधार जातो आणि नट सुटतो. नवी स्लीव्ह घालून पुन्हा सुरुवात करावी लागते, म्हणून आधीच दोन आणून ठेवा.

तेल मॅन्युअलने सांगितलेल्या ग्रेडचं, बहुधा जीएल-५ दर्जाचं, भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत. लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं घसरत फिरू नये म्हणून क्लच असलेला डिफरेन्शिअल) असेल तर क्लच प्लेटा आधी तेलात भिजवा आणि सांगितलं असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर घाला, नाहीतर वळणावर मागून थरथर जाणवते. पहिल्यांदा २०-२५ किलोमीटर हलक्या हाताने चालवून अ‍ॅक्सल पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ८०० किलोमीटर ओझं ओढू नका, त्यानंतर तेल बदला.

कारागिराकडे की दुसरा अ‍ॅक्सल

असेंब्ली सुटणारी असेल आणि क्राऊन-पिनियन नवे घालायचे असतील, तर घरच्या पूर्ण बांधणीपेक्षा तिसरी वाट सरस आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. काढणं-चढवणं तुम्ही करता, त्यामुळे मजुरीचा मोठा भाग वाचतो. मोजणी मात्र रोज करणाऱ्याच्या हातून होते. घेताना ठशाचे फोटो आणि बॅकलॅश-प्रिलोडचे आकडे लिहून मागा. ते द्यायला जो कुरकुरतो त्याने मोजलेलं नसतं. घरी पूर्ण बांधणी करणं पटतं ते पुढेही अशी कामं करायची असतील, किंवा हत्यारं आधीपासून असतील तेव्हा. एकाच कामासाठी सगळी हत्यारं विकत घेतली तर हिशोब बसत नाही.

दुसरा अ‍ॅक्सल चढवणं सगळ्यात कमी कौशल्याचं, पण सगळ्यात जास्त अंगमेहनतीचं. दोन माणसं, मजबूत स्टँड आणि जॅक हवेतच. घेण्याआधी रेशो स्वतः मोजा: दोन्ही चाकं एकत्र एक फेरी फिरवा आणि फ्लँजच्या फेऱ्या मोजा. पिनियनला ११ दात आणि क्राऊनला ४१ असतील तर फ्लँज पावणेचारहून किंचित कमी फेऱ्या घेईल, म्हणजे रेशो ३.७३. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा रेशो जुळलाच पाहिजे, नाहीतर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) मोडतो. स्प्रिंगच्या बैठका, ब्रेकचं माप, हँडब्रेकच्या केबल आणि एबीएसचे सेन्सर हेही तिथेच ताडून बघा. झाकणाचा असेल तर झाकण काढून दात पाहिल्याशिवाय, नसेल तर निदान तेल आणि फ्लँजचा खेळ तपासल्याशिवाय व्यवहार करू नका.

घरी उघडल्यावरही वाट बदलावी लागू शकते. बेअरिंगचा बाहेरचा कप हौसिंगमध्ये फिरून बैठक खाल्लेली दिसली, बेअरिंग कॅपची जागा रुंदावली असेल किंवा अ‍ॅक्सलची नळी वाकलेली असेल, तर तिथेच थांबा. सैल बैठकीत शिमने बसवलेलं माप पहिल्याच ओझ्याखाली हलतं, म्हणून नवी क्राऊन-पिनियनची जोडी त्या हौसिंगमध्ये घालू नका. अशा वेळी दुसरा अ‍ॅक्सल शोधावा आणि जुन्यातले चांगले शाफ्ट, ब्रेक आणि कॅरिअर सुटे भाग म्हणून जपून ठेवावेत.