समरमध्ये फिलॉसॉफी करायचीय: कम्युनिटी कॉलेज की बर्कलीचंच समर सेशन?

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात यूसी बर्कली युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला आहे, फिलॉसॉफी मेजर (मुख्य विषय) घ्यायचं डोक्यात आहे, आणि गेले दोन आठवडे घरात एकच विषय चालूय की समरचा कोर्स बर्कलीलाच करायचा का घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (स्वस्तातलं सरकारी दोन वर्षांचं कॉलेज, पुढे नुसतं 'कॉलेज' म्हणतोय). मी दोन्ही करून बसलोय, कॉलेजात इंट्रो आणि युनिव्हर्सिटीत लॉजिक, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

मावशीचा मुद्दा पैशांचा, आणि त्यात ती चूक नाहीये. कॅलिफोर्नियात रेसिडेंट (तिथले अधिकृत रहिवासी) असाल तर कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर, म्हणजे ३ युनिटचा कोर्स १३८ डॉलरला, वर किरकोळ हेल्थ फी वगैरे. बर्कलीच्या समरला ४ युनिटचा कोर्स घेतला की सगळं धरून दोन हजाराच्या घरात जातं. (तिथे समरची फायनान्शियल एड असते, पण त्यासाठी साधारण ६ युनिट तरी घ्यावी लागतात, म्हणजे एकट्या कोर्सवाल्याला उपयोग नाही.) आता तुम्ही पुण्याहून थेट एफ-१ वर (स्टुडंट व्हिसावर) आला असाल तर मात्र ४६ चा रेट विसरा, नॉनरेसिडेंट ट्यूशन वेगळी बसते, युनिटला काहीशे डॉलर, मग स्वस्ताई बरीचशी उडून जाते. त्यामुळे कॅलिफोर्नियातच, फ्रीमाँटला वाढलेल्या माझ्या बहिणीला दिलेला सल्ला एफ-१ वाल्याने डोळे झाकून घेऊ नये.

पण पैसे सगळेच बघतात, आठवड्यांचा हिशोब कोणी करत नाही. ४ युनिट म्हणजे नेहमीच्या सेमिस्टरला आठवड्याला साधारण १२ तासांचं काम, लेक्चर आणि वाचन धरून, १५ आठवडे, म्हणजे १८० तास. तेच ६ आठवड्यांच्या सेशनमध्ये कोंबलं की आठवड्याला ३० तास! त्याच वेळी इंटर्नशिप किंवा बोबा (बबल टी) शॉपमधली नोकरी करणार असाल तर संपलंच. कॉलेजातला ३ युनिटचा कोर्स याच हिशोबाने १३५ तासांचा, आणि ८ आठवड्यांचा सेक्शन मिळाला तर आठवड्याला १७ च्या आसपास, ते नोकरी सांभाळून जमतं, मी केलंय.

आता कुठला कोर्स यावरही खूप आहे. इंट्रो किंवा एथिक्स असेल तर तयारी आधी करता येते. देकार्तची मेडिटेशन्स सहाच आहेत, मे महिन्यात रोज एक वाचली तरी आठवड्यात होतात, प्लेटोची अपॉलॉजी एका दुपारी होते, मग जूनमध्ये तुम्ही फक्त दुसऱ्यांदा वाचत असता आणि पेपर लिहायला वेळ उरतो. असा कोर्स ऑनलाइन, कॉलेजातून, पायजम्यात बसून केला तरी चालतो.

लॉजिकचं तसं नाही. मी पहिल्या आठवड्यात डायनिंग टेबलवर ट्रुथ टेबल (वाक्य कधी खरं, कधी खोटं याचा तक्ता) काढत बसलो होतो, आईने विचारलं हे काय, म्हटलं समज "पाऊस पडला तर मी भजी करीन" हे वाक्य आहे, आता पाऊस पडलाच नाही, तर भजी केली तरी वाक्य खरं आणि नाही केली तरी खरंच. आई म्हणाली, म्हणजे भजी नाहीच ना. हसण्यावारी गेलं, पण खरं सांगतो, त्या एका ओळीवर मी दोन दिवस अडलो होतो. वाक्यांसाठी वापरलेली अक्षरं चार झाली की टेबलच्या १६ ओळी, त्यात एक चुकली की उत्तर गेलं, आणि तोवर वर्ग प्रूफ्सवर पोचलेला असतो. सेमिस्टरला एक आठवडा मागे पडलं तर भरून काढता येतं, समरला तोच आठवडा म्हणजे कोर्सचा सहावा हिस्सा. म्हणून लॉजिक असेल तर ऑफिस अवर्सना (प्रोफेसरला भेटायच्या ठरलेल्या वेळेला) जाऊन समोर बसून विचारता येईल अशाच ठिकाणी करा. (आजोबांच्या तर्कशास्त्रातलं "डोंगरावर धूर आहे म्हणून आग आहे" पाठ असेल तर छान, पण चिन्हांच्या गणितात त्याचा फारसा उपयोग होत नाही.)

आणि नुसत्या "लॉजिक" नावावर जाऊ नका. बऱ्याच कॉलेजांत त्या नावाखाली क्रिटिकल थिंकिंग शिकवतात, युक्तिवादातल्या चुका ओळखा वगैरे, तर बर्कलीच्या मेजरला लागणारा १२ए हा सिम्बॉलिक लॉजिकचा, म्हणजे चिन्हांच्या तर्काचा कोर्स आहे. असिस्ट डॉट ऑर्गवर (कॉलेजचा कुठला कोर्स युनिव्हर्सिटीत कशाच्या जागी धरतात ते दाखवणारी साइट) तुमचं कॉलेज आणि बर्कली टाकून तुमच्या कोर्ससमोर १२ए दाखवतात का ते बघा, नसेल तर १३८ डॉलरही फुकट. क्वार्टरवालं (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांचं) कॉलेज असेल, डी अँझा किंवा फूटहिलसारखं, तर ४ क्वार्टर युनिट म्हणजे सेमिस्टरचे २.६७, युनिट मोजून चाललेल्यांनी हे आधीच धरा.

ग्रेडचं पण ऐका. कॉलेजातला ग्रेड यूसीच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाहीत, ग्रेड पुरेसा आला की युनिट तेवढे मिळतात. जीपीए पडायची भीती असेल तर हे बरं, जीपीए वर काढायचा असेल तर काही कामाचं नाही. लॉ स्कूलचा विचार असेल तर तिकडे सगळीकडचे ग्रेड मोजले जातात, लपत काही नाही. आणि पुढे प्रोफेसरचं रेकमेंडेशन हवं असेल तर माझ्या मते स्वतःच्या डिपार्टमेंटमध्येच तोंड दिसलेलं चांगलं.

रजिस्ट्रेशनमध्ये मी जी माती खाल्ली तो प्रकार सांगतो. बर्कलीला बरं असतं, तुम्ही सिस्टीममध्ये असताच, समरचं एन्रोलमेंट फेब्रुवारीपासून उघडतं, कोर्स निवडून टाकला की झालं. कॉलेजात मात्र तुम्ही नवे. सीसीसी अप्लायवर (कम्युनिटी कॉलेजांच्या प्रवेशाच्या साइटवर) फॉर्म भरा, स्टुडंट आयडी यायची वाट बघा, मग रजिस्ट्रेशनची तारीख मिळते, आणि जुने विद्यार्थी तोवर आत शिरलेले असतात. मी मेच्या शेवटी जागा झालो, सेक्शन फुल, वेटलिस्टवर सातवा. नशिबाने आत गेलो, पण ऑनलाइन कोर्सला पहिल्याच दिवशी स्वतःबद्दलची पोस्ट टाकायची होती, ती मी "वीकेंडला टाकू" म्हणून सोडली आणि दुसऱ्या दिवशी नाव कट. परत अ‍ॅड कोडसाठी (वर्गात शिरायला प्रोफेसर देतात तो नंबर) प्रोफेसरला मेल, गयावया. तुम्ही मार्च-एप्रिलमध्येच फॉर्म भरून ठेवा, भरायला पैसे लागत नाहीत. शेवटी ट्रान्सक्रिप्ट (ग्रेडचा अधिकृत दाखला) पण तुम्हालाच मागवून पाठवायला लागतं, आपोआप जात नाही, आणि ऑगस्टमध्ये ग्रॅज्युएट होणार असाल तर हे अगदी शेवटच्या क्षणी अंगावर येतं.

बहिणीला मी म्हटलं एथिक्स कॉलेजात कर, लॉजिक बर्कलीत. तिने यंदा लॉजिक घेतलंय, नोकरी नाही. मावशीने फक्त एवढंच विचारलं की ड्रॉप केलं तर पैसे कधीपर्यंत परत मिळतात, आणि खरं तर आमच्यापैकी कोणालाच ते आधी सुचलं नव्हतं. प्रत्येक सेशनची तारीख वेगळी असते, तिच्या सेशनची आता फ्रीजवर लावलीय.