विश्रामबागमधलं माशांचं दुकान: मासे ठणठणीत, पण झेब्रा लोच येतो कुठून?

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तीन फुटी टाकीची देखभाल माझ्याकडे आहे, त्यामुळे या दुकानात माझं नेहमीचं जाणं-येणं. सांगली-मिरजेत माशांची दुकानं बरीच आहेत, पण टाकीत मेलेला मासा तरंगतोय असं इथे मला कधी दिसलं नाही. नवा लॉट आला की मालक तो मागच्या खोलीत आठवडाभर वेगळा ठेवतात. 'आजच द्या' म्हणणारं गिऱ्हाईक परत गेलं तरी त्यांना चालतं. पाणी बोरचं की नळाचं, टाकी किती दिवस चालू आहे, हे विचारल्याशिवाय पिशवी बांधत नाहीत. बोरचं जड पाणी असेल तर टेट्रा नको, गप्पी घ्या, असं स्पष्ट सांगतात, मग बिल कमी झालं तरी हरकत नाही.

यावेळी गेले ते गोगलगाईंच्या त्रासाने. नव्या झाडांबरोबर त्यांची अंडी आली असणार. काचेवर नुसता सडा पडला होता. मालकांनी गोगलगाई खाणारा झेब्रा लोच दाखवला. बोटाएवढा मासा, पिवळसर अंगावर गर्द तपकिरी बारीक पट्टे, तोंडाशी मिशा. सगळे एकाच पाइपच्या तुकड्यात एकमेकांना चिकटून बसलेले. तो काढताना मालकांनी जाळी बाजूला ठेवली आणि प्लास्टिकचा मग पाण्यात घातला. या माशाच्या डोळ्याखाली काटा असतो, घाबरला की तो काटा उभा करतो. जाळीत अडकला तर मासा जखमी होतो. एवढी काळजी घेणारा दुकानदार मला दुसरीकडे भेटलेला नाही.

मग मी विचारलं, "दादा, हा फार्मचा की नदीतला?"

"डीलरकडून येतो, मॅडम. त्यामागचं आम्हाला कोणी सांगत नाही."

माझी तक्रार आहे ती इथे. हा मासा परदेशी नाही. 1920 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ नारायण राव यांनी त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली ती कर्नाटकातल्या तुंगा नदीतून, म्हणजे कृष्णेच्याच खोऱ्यातून. पश्चिम घाटातल्या स्वच्छ, वाहत्या, दगडगोट्यांच्या पाण्यातला हा मासा जगात दुसरीकडे कुठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत तो 'संकटग्रस्त' आहे. 2005 ते 2012 या काळात भारतातून धोक्यात असलेल्या किमान 30 जातींचे 15 लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी परदेशी गेले, असं संशोधकांनी मांडलं आहे, आणि त्यांत झेब्रा लोच आघाडीवर होता. घरच्या टाकीत तो सहसा वीण करत नाही. फार्मवाले संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन पिल्लं काढतात, पण आपल्या पिशवीतला मासा त्या पिल्लांपैकी आहे की ओढ्यातून उचललेला, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. म्हणून विकणाऱ्याने ते सांगायला हवं. केरळच्या डेनिसन बार्ब माशाचीही अशीच उचल झाली. तोही इथे कोपऱ्यातल्या टाकीत आहे, त्यावरही काही लिहिलेलं नाही.

मी लोच घेतला नाही. मालकांनी राग न धरता दुसरा उपाय सांगितला: खाणं निम्मं करा आणि रात्री काकडीची चकती टाकीत ठेवून सकाळी गोगलगाईंसकट उचला. उपाय लागू पडला.

आणखी एक खटकलं. फूटभर टाकीवाल्यालाही इथे सकर माशाचं पिल्लू देतात. शेवाळ खातो म्हणून लोक नेतात, पण तो फुटापेक्षा मोठा होतो, आणि मग कंटाळून नदीत नाहीतर तळ्यात सोडतात. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, जाळी फाडणारा हा काटेरी मासा काय त्रास देतो ते. बाजारात त्याला भाव नाही. शिवाय आपल्याकडे 2019 आणि 2021 ला तळमजल्यांत पाणी घुसलं होतं. टाकी बुडाली की मासा कृष्णेत जाणार, कोणी मुद्दाम सोडायचीही गरज नाही. चार फुटांखालच्या टाकीला सकर देऊ नका, एवढं मी मालकांना सांगून आले.

माशांची तब्येत, झाडं, बोलणं यासाठी पाचपैकी चार तारे. शनिवारी संध्याकाळी फार गर्दी असते, तेव्हा शांतपणे बोलायचं तर सकाळी जा. लोच कुठून आला हे पुढच्या ऑर्डरला डीलरला विचारतो आणि टाकीवर चिठ्ठी लावतो, असं मालक म्हणाले आहेत. तुम्ही गेलात तर तुम्हीही विचारा, कारण एकाच गिऱ्हाइकाचं ऐकून डीलर हलत नाहीत.