यात्रेच्या कागदांचे कोलाज: टिळकवाडीतील एका कार्यशाळेविषयी

बेळगावच्या टिळकवाडीत एका जुन्या घराच्या माडीवर शनिवार-रविवारी मिश्रमाध्यम कोलाजची, म्हणजे कागदाचे तुकडे, रंग आणि इतर वस्तू एकत्र चिकटवून केलेल्या चित्रांची कार्यशाळा भरते. ‘यात्रा आणि अध्यात्म’ असा तिचा विषय जाहीर केलेला असल्यामुळे मनात थोडी शंका होती, कारण अशा मथळ्याखाली बहुधा ओम्, कमळ आणि ध्यानस्थ आकृती यांचे तयार छापच वाटले जातात. ती शंका निम्मी खरी ठरली. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र ही कार्यशाळा अवश्य करावी, असे माझे मत आहे.

सहभागींनी घरून आपल्या प्रवासातले कागद आणावेत, ही तिची सर्वांत चांगली अट. सौंदत्तीच्या बसचे कन्नड तिकीट, पंढरपुरातील अभिषेकाची पावती, प्रसादाच्या पुडीचा तेलकट कागद, हरिपाठाच्या जीर्ण प्रतीतले सुटलेले पान, गेल्या वर्षीचे पंचांग असे बरेच काही टेबलावर जमले होते. आपल्या भागात यल्लम्माची यात्रा आणि विठोबाची वारी अनेकदा एकाच घरातून निघते, त्यामुळे कन्नड आणि देवनागरी अक्षरे एकाच चित्रात शेजारी बसवण्यासाठी कोणाला वेगळी कल्पना लढवावी लागली नाही. शिकवणाऱ्या बाईही दोन्ही भाषांत सहज बोलतात; खानापूरच्या मुलीला मराठीत आणि बैलहोंगलच्या गृहस्थांना कन्नडमध्ये त्या एकाच दमात समजावून सांगत होत्या.

तांत्रिक भाग पक्का आहे. बसमधल्या यंत्रातून निघणारे तिकीट शाईने नव्हे तर उष्णतेने छापलेले असते, म्हणून त्यावरची अक्षरे काही काळाने पुसट होतात आणि त्यावर इस्त्री फिरवली तर सगळा कागद काळा पडतो. त्यासाठी मूळ तिकीट जपून ठेवावे आणि चित्रात त्याची लेझर प्रत वापरावी, हे पहिल्याच तासाला सांगितले गेले. लेझरची छपाई पाण्याने फुटत नाही, इंकजेटची बहुतेकदा फुटते, हा फरक त्यांनी दोन्ही कागद ओले करून दाखवला. अक्षरे फळीवर उतरवण्याची कृतीही नीट करून घेतली जाते: प्रत आरशातल्यासारखी उलटी काढायची, तिच्या छापील बाजूला ॲक्रिलिक माध्यम (रंगात मिसळण्याचा, वाळल्यावर पारदर्शक होणारा द्रव) लावून ती पालथी चिकटवायची, रात्रभर वाळू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी मागचा कागद ओल्या बोटांनी हळूहळू चोळून काढायचा. घाई केली की अक्षरेही कागदाबरोबर निघून येतात, म्हणून हा वर्ग दोन दिवसांचा ठेवण्यात अर्थ आहे.

चिकटवण्यासाठी पांढरा गोंद आणि पिठाची खळ असे दोन्ही पर्याय दिले जातात. जुने पुस्तक-बांधणीवाले खळीत मोरचूद हा किडीला मारणारा निळा क्षार का घालत, याचे उत्तर आपल्या पावसाळ्यात कोणत्याही कपाटात सापडते. कसर लागलेली पाने काहींनी बरोबर आणलीच होती. ओला कागद वाळताना आकसतो आणि फळीला बाक आणतो, म्हणून मागच्या बाजूसही तेवढाच कागद चिकटवण्याची सूचना मला फार उपयोगाची वाटली.

सर्वांत रंगलेली चर्चा भंडाऱ्याची. यल्लम्माच्या डोंगरावरून आणलेला भंडारा चित्रात वापरावा, असे बहुतेकांना वाटत होते. हळदीचा रंग उजेडात उडतो, आणि चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की तो लाल होतो. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालते. ॲक्रिलिक माध्यमेही किंचित अल्कधर्मी असल्यामुळे त्यांत भंडारा कालवला तर पिवळ्याऐवजी तांबूस छटा येऊ शकते. बाईंनी यावर सुचवलेला मार्ग असा की दिसणारा पिवळा रंग पिवडीचा घ्यावा आणि भंडाऱ्याची चिमूट कागदाच्या घडीत बंद करून चित्राच्या थरांत ठेवावी. ती कोणाला दिसणार नाही; पण करणाऱ्याला ती तेथे आहे हे ठाऊक असते, आणि संपूर्ण कार्यशाळेत अध्यात्म या शब्दाला खरा अर्थ मला तेवढ्याच वेळी सापडला.

रचनेचा तास लहान असला तरी विचारपूर्वक आखलेला होता. पिकासोने 1912 मध्ये चित्रात मेणकापड चिकटवले आणि पुढे जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटेही कलेत आणली, एवढा इतिहास सांगून बाई थेट बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीकडे वळल्या. 1204 मध्ये बांधलेल्या या जिनालयाच्या छतावरील कमळाचे छायाचित्र दाखवून मध्यापासून कडेकडे नजर कशी नेता येते, हे त्यांनी उलगडले. कागद चिकटवण्याआधी पेन्सिलीने तीन छटांचे कच्चे चित्र करण्याचा त्यांचा आग्रह असतो. चित्रकार के. बी. कुलकर्णी आणि त्यांचे शिष्य रवी परांजपे यांच्या गावात हा आग्रह शोभणाराच म्हणावा लागेल.

आता उणिवा. शुल्कात धरलेल्या साहित्यसंचात मंडलाचे साचे, सोनेरी चमकी आणि परदेशी शहरांचे शिक्के असतात. ज्याच्यासमोर सौंदत्तीचे तिकीट आहे त्याला आयफेल टॉवरचा शिक्का कशासाठी लागावा, हे मला कळले नाही. बासरीची ध्वनिफीत लावून ‘आपला संकल्प लिहा’ असे सांगण्यात गेलेला वेळही रचनेला दिला असता तर बरे झाले असते. अधिक खटकली ती कात्री चालवण्याविषयीची बेफिकिरी. देवाच्या चित्राची प्रत कापावी, मूळ चित्र कापू नये, हे सांगितले गेले खरे, पण अभंगाच्या ओळी असलेले तुकडे केराच्या टोपलीत पडलेले पाहून दोन वयस्कर सहभागी अस्वस्थ झाले. अशा तुकड्यांसाठी वेगळी परडी ठेवणे अवघड नाही.

माडीवर उजेड भरपूर आहे, मात्र जिना अरुंद आणि उभा असल्याने गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. जून ते सप्टेंबरमध्ये थर वाळण्यास फार वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतरची तुकडी निवडावी. साहित्यसंच वगळून शुल्क कमी करता येईल का, असे मी विचारले तेव्हा होकार मिळाला. ही सवलत जाहिरातीत कोठेही लिहिलेली नाही.