जुनी क्रिकेट कार्डं शोधायची तर कुठे: ठाण्यातली रद्दी, चोरबाजार की मोबाइल?

ट्रम्प कार्डं, बबलगममधून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रं, चिप्सच्या पाकिटातले टॅझो, मासिकाच्या मधल्या पानावरची पोस्टरं. हे सगळं पुन्हा जमवायची हौस चाळिशीच्या आसपास अनेकांना येते. ठाण्यात राहणाऱ्याने ती बोलून दाखवली की पहिला सल्ला हमखास मिळतो, 'अरे, चोरबाजारात जा की!' मला हा सल्ला पटत नाही. यातली बहुतेक वस्तू कागदाची आहे, आणि घरातला कागद जातो तो रद्दीवाल्याच्या काट्यावर. तो काटा चालत जाण्याच्या अंतरावर असताना चोरबाजाराजवळच्या संडहर्स्ट रोड स्टेशनपर्यंत, थेट मुंबईत धावायचं कारण काय? चोरबाजारात जावंच, पण वेगळ्या गोष्टींसाठी. मोबाइल मात्र सगळ्यात शेवटी उघडावा.

पैसे कमवायला कोणी यात उतरत असेल तर त्याने इथेच थांबावं. १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं मिकी मँटलचं बेसबॉल कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं, ही बातमी वाचून पुष्कळांनी माळे उपसले असतील. पण अमेरिकेत त्या कार्डामागे कित्येक दशकांचा बाजार आहे, लिलाव आहेत, कार्डाला १ ते १० गुण देऊन सीलबंद करणाऱ्या पीएसएसारख्या कंपन्या आहेत. आपल्याकडे बबलगमच्या चित्राची किंमत म्हणजे समोरच्याला त्या क्षणी किती आठवण दाटून आली, तेवढीच.

आता रद्दी. नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी या भागातल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. इमारत रिकामी करायची म्हटलं की तीस-चाळीस वर्षांत न उघडलेले पोटमाळे उघडतात. भाड्याच्या घरात जाताना हे कोण नेणार, म्हणून वह्या, मासिकं, मुलांचे कंपास, पत्र्याचे डबे असं सगळं एका गोणीत भरून खाली जातं. एरवी दिवाळीआधीची साफसफाई आणि मे महिना हे रद्दीचे दोन हंगाम. पुनर्विकासामुळे मात्र सध्या बारा महिने हंगाम आहे. सोसायटीच्या गेटवर सामानाचा टेम्पो लागलेला दिसला की त्या गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे दोन दिवसांत एक चक्कर मारावी.

जायचं ते रविवारी सकाळी नाही. तेव्हा त्याच्याकडे गिऱ्हाइकांची रांग असते आणि तो वजन करण्यात गुंतलेला असतो. आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दुपारी तो माल वेगळा करत बसतो: वर्तमानपत्रं एकीकडे, मासिकं एकीकडे, वह्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा. सुटी कार्डं बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या ढिगात जातात, कारण त्याच्या दृष्टीने तो जाड कागदच. तिथे बसून हाताने चाळायची तयारी हवी, आणि हात काळे होणारच. 'ट्रम्प कार्डं आहेत का?' असं विचारू नये, कारण प्रश्नातच भाव वाढतो. 'काका, मुलांची जुनी पुस्तकं, मासिकं आली तर बाजूला ठेवाल का?' एवढं पुरे. हवं ते दिसलं तर एकटं उचलू नका, आजूबाजूचा गठ्ठा किलोवर घ्या. आणि रद्दीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्या. पुढच्या वेळी तो खरंच बाजूला ठेवतो. घासाघीस करून वाचवलेल्या वीस रुपयांपेक्षा हे कितीतरी फायद्याचं.

नवी मुंबईकरांचं गणित थोडं वेगळं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि वाशी-नेरुळकडे कुटुंबं आली ती त्यानंतर, हळूहळू. त्यामुळे तिथल्या सेक्टरमधल्या रद्दीत नव्वदीचा माल अधिक आणि साठ-सत्तरच्या दशकातली मासिकं क्वचित. जुनी इंद्रजाल कॉमिक्स, चांदोबाचे अंक, १९७८ पासून निघणाऱ्या स्पोर्टस्टारचे पहिल्या काही वर्षांतले अंक, संदीप पाटील संपादक असलेला 'एकच षटकार' हे हवं असेल तर वाशीकरानेही ठाण्याची गाडी पकडावी. उलट टॅझो आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्तीची कार्डं हवी असतील तर ठाणेकराने ट्रान्स-हार्बर लोकल पकडून तिकडे जावं.

एक वस्तू अशी आहे की जी नवी मुंबईतच शोधावी. पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना १ जून २००८ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला आणि राजस्थान रॉयल्सने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवलं. त्या सामन्याची कागदी तिकिटं कोणाच्या तरी पाकिटात, डायरीत पडून असणार. याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्याचं तिकीट तुमच्याकडे असेल तर ते आजच जपून ठेवा.

तिन्ही ठिकाणांतला फरक कळायला एकच वस्तू धरून बघू: डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांचा जोड. उंची, वजन, छाती, बायसेप्स आणि रँक यांवरून मधल्या सुट्टीत भांडणं लावणारा तोच तो.

रद्दीत तो मिळाला तर रबरबँड लावलेला मिळेल आणि त्यात कार्डं कमी असतील, हे गृहीत धरा. पहिलं आणि शेवटचं कार्ड आधी बघायचं. रबर वर्षानुवर्षं राहिलं की विरघळून चिकटतं आणि कार्डावर आडवी तपकिरी रेघ उमटते. ती पुसून जात नाही. खरवडलं तर छपाईच निघते. मधली कार्डं मात्र अनेकदा कोरी करकरीत असतात. एखाद्यावर बॉलपेनने पूर्वीच्या मालकाचं नाव आणि 'सहावी ब' लिहिलेलं सापडतं. संग्राहक म्हणतात त्याने किंमत उतरते. मला तसं कार्ड दोन पैसे जास्त देऊनही चालेल.

चोरबाजारात हाच जोड प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद दिसेल. उघडून बघू देतीलच असं नाही, आणि किंमत तुमचा चेहरा बघून ठरते. 'पुराना माल है साहब, अब नहीं आता,' हे वाक्य खरंही असू शकतं. पण आत पूर्ण जोड आहे की वरखाली दोन ओळखीचे पैलवान आणि मध्ये भरताड, हे तुम्हाला घरी येऊनच कळणार.

मोबाइलवर पूर्ण जोड मिळतो, फोटोसकट. तिथे विकणाऱ्याला काय विकतोय ते नेमकं माहीत असतं, म्हणून स्वस्तात हाती लागेल ही आशा सोडायची.

वस्तू कुठलीही असो, ती किती जुनी हे ओळखायच्या काही खुणा उपयोगी पडतात. 'डब्ल्यूडब्ल्यूएफ' हे नाव २००२ मध्ये बदलून 'डब्ल्यूडब्ल्यूई' झालं, म्हणजे 'ई' असलेलं कार्ड नव्वदीचं नाही. पाकिटावर ₹ हे चिन्ह असेल तर ते २०१० नंतरचं, कारण चिन्हच त्या वर्षी जुलैत स्वीकारलं गेलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं. क्रिकेटच्या कार्डांवर तर खेळाडूचे आकडेच तारीख सांगतात. सचिनचं पहिलं एकदिवसीय शतक ९ सप्टेंबर १९९४ रोजी कोलंबोत ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालं. त्याच्या कार्डावर एकदिवसीय शतकं शून्य दिसली तर तो जोड त्याआधीच्या आकड्यांवर छापलेला आहे. कपिलच्या नावापुढे ४३४ कसोटी बळी असतील तर तो १९९४ किंवा त्यानंतरचा. साधं भिंग जवळ ठेवा. जुन्या ऑफसेट छपाईत रंगांचे गोल ठिपके नीट ओळीत बसलेले दिसतात. घरगुती प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ते विस्कटलेले, फवारा मारल्यासारखे असतात.

बिग फन बबलगमच्या चित्रांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण ती शोधताना लोक फार लवकर निराश होतात. त्यांवर धावा आणि विकेट छापलेल्या असायच्या, आणि ठरावीक बेरीज जमली की दुकानात देऊन फ्लिप बुक, म्हणजे पानं भरभर उलटली की चित्र हलताना दिसणारं छोटं पुस्तक, मिळायचं. १९९९ च्या 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ' योजनेतही वेष्टनांवरच्या धावा जमवून द्यायच्या होत्या. ज्या वस्तू परत देण्यासाठीच छापल्या, त्या उरणार कशा? उरल्या त्या बेरीज पूर्ण न झालेल्या पोरांच्या. त्यामुळे यांचा पूर्ण संच शोधायला निघू नका. एखाददुसरं मिळालं तरी चांगलं, आणि फ्लिप बुक मिळालं तर भाव न करता घ्या.

चोरबाजाराची बाजूही मांडायला हवी, कारण तिथे जाण्यात मजा आहेच. मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. ठाण्याहून धीम्या लोकलने संडहर्स्ट रोडला तासाभरात उतरायचं आणि पुढे चालत जायचं. ऊन चढेपर्यंत चांगला माल हललेला असतो, म्हणजे नोकरदाराला सुट्टी टाकावी लागणार किंवा दुकानं उघडी असलेल्या इतर दिवशी दुकानाच्या भावाने घ्यावं लागणार. पत्रा, लाकूड, पितळ, काच यांच्या वस्तूंसाठी मात्र दुसरं ठिकाण नाही: एनॅमलच्या जाहिरात-पाट्या, चावीची खेळणी, कॅमेरे, जुने करंडक, सिनेमाची पोस्टरं. क्रीडाप्रेमीला तिथे खुणावतात त्या सही केलेल्या बॅटी. जरा जपून. बॅटवर खेळाडूच्या सहीचा ठसा छापून विकायची पद्धत फार जुनी आहे, आणि तो छापील ठसा 'ओरिजिनल साइन' म्हणून खपवला जातो. शाईची सही लाकडाच्या रेषांमध्ये थोडी पसरलेली दिसते. छापील ठसा वर बसलेला असतो.

कार्डांपैकी एकच प्रकार चोरबाजारात शोधण्यासारखा: इंग्रजी सिगारेटच्या पाकिटातली क्रिकेटपटूंची कार्डं. विल्सने १८९६ मध्ये आणि प्लेयर्सने १९३० च्या दशकात काढलेले संच प्रसिद्ध आहेत. १९४० मध्ये युद्धाच्या कागदटंचाईमुळे ब्रिटनमधली ही छपाई थांबली. पण यांच्या नव्या प्रतीही अधिकृतपणे, ढिगाने निघाल्या आहेत. नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च खिशात असू द्या. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमक दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आली. त्यामुळे जुनं कार्ड त्या प्रकाशात मलूल दिसतं आणि बरीचशी नवी नक्कल निळसर चमकते. चमकलं तर ठेवून द्या, विक्रेत्याशी वाद घालू नका.

मॉलमध्ये सुट्टीच्या दिवसांत 'फ्ली मार्केट' भरतं, त्याबद्दल कोणी विचारलं तर: तिथे सुगंधी मेणबत्त्या आणि हाताने बनवलेले कानातले मिळतात. जुनं काही मिळत नाही.

मोबाइलवरचा शोध तुम्हाला नेमकी पोकळी भरायची असेल तेव्हाच. रद्दीतून अर्धा जोड जमला, चार कार्डं कमी आहेत, मग फेसबुकच्या ग्रुपवर किंवा ओएलएक्सवर त्या चारांची विचारणा करावी. अदलाबदलीला तयार असणारे पुष्कळ भेटतात, आणि तुमच्याकडची दुबार कार्डं तिथेच चालतात. अनोळखी माणसाला आगाऊ यूपीआय करण्याआधी कार्डाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागा. देणारा खरा असेल तर दोन मिनिटांत पाठवतो. विकणारा ठाणे, कल्याण, नवी मुंबईतला असेल तर स्टेशनवर पुलाखाली भेटून बघून घ्यावं. परदेशातून मागवण्यात टपालखर्च आणि सीमाशुल्क कार्डाच्या वर जातात, आणि पीएसएकडून गुण लावून घेण्याचा खर्च तर आपल्या बबलगमच्या चित्रांना शोभणाराही नाही.

नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनात कमी खर्चात सुरुवात करता येते. १९९६ मध्ये टपाल खात्याने सी. के. नायडू, विनू मंकड, दि. ब. देवधर आणि विजय मर्चंट यांची तिकिटं काढली. १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, सचिनच्या दोनशेव्या कसोटीच्या पहिल्या दिवशी, त्याची. भाव ठरलेले असतात, फसण्याची भीती कमी, शोधण्याची गंमतही कमी. मुलाला किंवा मुलीला हा नाद लावायचा असेल तर मी इथूनच सुरू करेन.

तर आठवड्यातली एखादी दुपार मोकळी काढता येत असेल आणि नव्वदीचा कागद हवा असेल तर घराजवळचे दोन-तीन रद्दीवाले ओळखीचे करा आणि वर्षभर धीर धरा. शुक्रवारी सुट्टी मिळत असेल आणि डोळ्यांना हवं ते हाताला मिळालं नाही तरी चालणार असेल तर चोरबाजार. धीरही नाही आणि वेळही नाही, पण खिसा भरलेला आहे, तर मोबाइल आहेच.

कुठूनही आणा, घरी आल्यावर ते ठाण्याच्या पावसाळ्यात टिकायला हवं. साध्या पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांत कार्डं चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनचे कडक पाउच घ्या, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, तिथे ओल येते. कसर लागली आहे का ते गणपतीच्या आसपास एकदा उघडून बघा. आणि कोणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी लॅमिनेशन करू नका.