रोकफोरच्या गुहा, हरिपूरच्या पेवांवर वाढलेल्या बाईच्या नजरेतून

मुलगा तुलूजला नोकरीला, म्हणून आमचं फ्रान्स. पॅरिसबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितेय ते रोकफोर-सुर-सुलझों नावाच्या खेड्यात रोकफोर हे निळ्या बुरशीचं चीज पिकवायच्या गुहा दाखवतात त्याबद्दल.

तुलूजहून गाडीनं अडीच तास. वस्ती पाच-सहाशे. कोंबालू नावाच्या डोंगराच्या कड्याला पाठ लावून घरं बसलीत. फार पूर्वी हा कडा ढासळला, दगडांच्या ढिगाऱ्यात भेगा आणि पोकळ्या राहिल्या, आणि गावाचं पोट त्या पोकळ्यांवर चालू लागलं. वर दिसतं ते गाव थोडंच. खाली तळघराखाली तळघर.

माझ्या वडिलांची सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे. लहानपणी पेव उघडलं की बाबा आधी दोरीनं कंदील सोडायचे. विझला तर आतली हवा श्वास घेण्याजोगी नाही, त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही. म्हणून इथल्या पहिल्या पायरीवर माझा पाय अडला. खाली जाऊन बघते तर वारा! भेगांना ते ‘फ्लरीन’ म्हणतात. डोंगरातून त्यातनं गार, ओलसर हवा येत राहते, आणि झडपा उघडझाप करून ती कमी-जास्त करतात. आमचं पेव हवा कोंडून हळद राखतं. कीड जगतच नाही. यांची गुहा हवा खेळवून चीज पिकवते. आमच्याकडे मालाला बुरशी दिसली की सौद्यात दर पडतो, इथं बुरशीलाच दर!

ही बुरशी पूर्वी राईच्या पावावर वाढवायचे. लाकोन जातीच्या मेंढ्यांचं न तापवलेलं दूध, त्याचं चीज, मीठ चोळायचं, सुयांनी भोकं पाडायची म्हणजे आत हवा जाऊन निळ्या शिरा धरतात. मग ओकच्या फळ्यांवर उघडं मांडायचं. एकूण निदान 90 दिवस. ही चीजं गुहेत वळवायला-उलटायला बायका असायच्या, त्यांना कॅबनियेर म्हणत. त्यांचे जुने फोटो बघताना हळद निवडणाऱ्या आमच्याकडच्या बायकाच आठवल्या. गाइडनं तो भाग दोन मिनिटांत उरकला, त्याचा मला राग आला. राजांचं मात्र सावकाश सांगितलं: पंधराव्या शतकात सहाव्या चार्ल्सनं हे चीज पिकवायचा हक्क एकट्या या गावाला दिला, आणि 1925 साली कायदाच झाला की रोकफोर म्हणायचं तर ते इथल्याच गुहांत पिकलेलं हवं. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं 2018 साली. आणि 2005 च्या पुरात हरिपूरची किती पेवं पाण्यानं गेली ते आम्ही बघितलंय. बाबांची दोन त्यातच.

या चीजसाठी ही माणसं भांडतातही. अमेरिकेनं रोकफोरवर जबर कर लावला तेव्हा 1999 मध्ये जवळच्या मियो गावात शेतकऱ्यांनी बांधकाम चालू असलेलं मॅकडोनल्ड मोडून काढलं होतं. हे मुलानं गाडीत सांगितलं, गाइडनं नाही.

आता कामाचं. स्वेटर न्या; बाहेर ऊन असलं तरी आत दहा अंशांच्या आसपास. पायऱ्या खूप आणि ओल्या, चपला नकोत, गुडघेवाल्यांनी विचार करून जा. आमची फेरी फ्रेंचमधून होती, मुलगा कानात मराठी करत होता. सुरुवातीला पडद्यावर जे दाखवतात ती निव्वळ जाहिरात. रोकफोर बनवणाऱ्या सात कंपन्या आहेत. आम्ही कुठल्या गुहेत गेलो ते लिहीत नाही.

शाकाहाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवा: दूध जमवायला जे रेनेट घालतात ते जनावराच्या पोटातलं असतं. मला हे चव घ्यायच्या टेबलाशी कळलं, तिकीट काढताना कुणी बोललं नाही. मी हात मागे घेतला. आमच्या ह्यांनी मात्र माझाही तुकडा खाल्ला. म्हणाले, “खारट आहे गं, पण भाकरीबरोबर लागेल चांगलं.”

पाचपैकी चार तारे. एक त्या कॅबनियेर बायकांसाठी कापला. ह्यांनी विकत घेतलेला डबा सुनेनं तीन पिशव्यांत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला, तरी दुसऱ्या दिवशीच्या चहाला त्याचा वास होता.