डिस्काउंट नाही पण विचारपूस आहे : वसमत रोडच्या आतलं मेडिकल

परभणीत वसमत रोडच्या आतल्या गल्लीतलं हे मेडिकल, बोर्ड उन्हानं उडालेला, एसी बिसी काही नाही आन् डिस्काउंट मागितलं की मालक नुसते हसतेत. तरी आमच्या घरची सगळी औषधं इथूनच येतेत, कारण गोळी हातात द्यायच्या आधी हे विचारतेत, "अजून काय काय चालू आहे?"

आईला थायरॉईडची गोळी, कॅल्शियम आन् बीपीची टेल्मीसार्टन, तीबी लघवी करवणाऱ्या औषधासोबतची एकत्र. गुडघा धरला म्हणून ती म्हणली दादा, एक पत्ता आयबुप्रोफेनचा, त्या दुखण्याच्या गोळीचा, द्या, शेजारणीला लय फरक पडला. देईनातच! म्हणले मावशी, तुमच्या बीपीच्या गोळीवर ही रोज घेतली की बीपी चढतंय आन् किडनीला मार बसतो, त्यात उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं, सध्या पॅरासिटामॉलवर भागवा आन् डॉक्टरला गुडघा दाखवा. पुढच्या चौकात हाच पत्ता न विचारता मिळाला असता, वरून दहा टक्के सूटबी.

मग त्यांनीच विचारलं की थायरॉईडची गोळी घेता कशी. आई म्हणली चहासोबत, लगेच कॅल्शियम. तर म्हणे असं घेतलं की गोळी अंगाला लागतच नाही नीट, उपाशीपोटी साध्या पाण्यानं घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासानं, आन् कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर पाहिजे. आता आई सकाळी गोळी घेऊन घड्याळाकडं बघत बसते, तेवढा एक राग आहे तिचा मेडिकलवाल्यावर.

मामाचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला, रक्त पातळ ठेवायची एसिट्रॉम गोळी चालू आहे. कुणीतरी सांगितलं पालेभाजी विषासारखी, तेव्हापासून मामानं मेथी-पालक तोंडात घातला नव्हता. हे म्हणले बंद कशाला, पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केनं गोळीचा जोर कमी होतो हे खरं, पण रोजचं माप सारखं ठेवलं की डॉक्टर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी, बघून त्या हिशोबानं डोस बसवतेत, घोटाळा होतो तो आठ दिवस काहीच नाही आन् मग एकदम चार जुड्या खाल्ल्यावर. जुलाब झाले म्हणून मनानं मेट्रोनिडाझोल घ्यायची नाही, त्यानं रक्त जास्तच पातळ होतंय, आन् हिरड्यातून रक्त आलं किंवा शौचाला काळं झालं तर दवाखान्यात पळायचं, हेबी सांगितलं. मामा त्या दिवशी भाकरीसोबत मेथी खाऊन लय खूष.

मोबाईलवर कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत ग्रेपफ्रूट नको असं वाचून आमच्या एका पाहुण्यानं जालन्याची मोसंबी सोडली होती, त्यालाबी इथंच कळलं की ग्रेपफ्रूट वेगळं फळ. पपनस मात्र ग्रेपफ्रूटच्याच घराण्यातलं, अन् असले त्रास काही गोळ्यांनाच, म्हणून गोळीचं नाव सांगून विचारायचं.

आता खटकलेलं. लाइन सरकतच नाही, प्रत्येकाची चौकशी म्हणल्यावर टाइम लागणारच. मालक जेवायला गेले की काउंटरवरचा पोरगा गुमान चिठ्ठी बघून पुडी बांधतो, काही विचारत नाही, म्हणून ते असतानाच जा. होम डिलिव्हरी नाही, काही औषधं दुसऱ्या दिवशी मागवून देतेत. पाचपैकी चार.

जाताना घरातले सगळे पत्ते पिशवीत टाकून न्या, काढा-चूर्णसुद्धा, आन् गोळ्या नावाच्या बाजूनं कापू नका, अर्ध्या पत्त्यावर नाव सापडत नाही मग ते लय चिडतेत.